सोनोग्राफी, सीटी आणि आता एमआरआय : मूत्रपिंडातील एका गाठीसाठी एवढ्या तपासण्या कशासाठी?

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६२ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.६ आहे. पोट फुगण्याच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, तेव्हा उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला २.८ सेंटिमीटरची गाठ दिसली. रिपोर्टमध्ये ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ आणि ‘इंटर्नल इकोज’ असे शब्द आहेत. त्यानंतर कॉन्ट्रास्ट देऊन पोटाचा सीटी स्कॅन झाला. त्यात गाठ २.७ सेंटिमीटर, सगळीकडे सारखी, घनता ३८ एचयू अशी नोंद आहे आणि शेवटी ‘इनडिटरमिनेट (निश्चित सांगता येत नाही), एमआरआय करून पाहावे’ असे लिहिले आहे. युरोलॉजिस्टांनी त्याप्रमाणे एमआरआय सुचवला आहे. एकाच गाठीसाठी तीन तपासण्या का, सर्वांत चांगली तपासणी पहिल्यांदाच का केली नाही, आणि नातेवाईक म्हणतात तसा थेट पेट स्कॅन किंवा बायोप्सी करून निकाल का लावू नये, हे तुमचे प्रश्न आहेत.

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि अशा गाठी माझ्या रोजच्या कामात येतात. तुमच्या वडिलांच्या प्रतिमा मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे गाठ कसली आहे हे मी सांगू शकत नाही आणि सांगणे योग्यही होणार नाही. पण तुमची अडचण नेमकी कुठे आहे, ते रिपोर्टच्या शब्दांवरून पुरेसे स्पष्ट होते. गाठ आहे हे कळले, किती मोठी आहे हे कळले, कुठे आहे हेही कळले. कळलेले नाही ते एवढेच, की त्या गाठीच्या आत रक्तपुरवठा आहे की नाही. पाण्याची किंवा जुन्या रक्ताची गाठ असेल, तर तिच्या आत रक्तवाहिन्या नसतात. पेशींची वाढ असेल, तर तिला जगण्यासाठी रक्त लागतेच. मूत्रपिंडातील गाठींचे सगळे निदान पहिल्यांदा या एका फाट्यावर येऊन थांबते, आणि दोन तपासण्या होऊनही तुमचे वडील अजून त्याच फाट्यावर उभे आहेत.

सोनोग्राफीपासून सुरुवात करू. द्रवाने भरलेली साधी सिस्ट सोनोग्राफीवर पूर्ण काळी दिसते, तिची भिंत रेषेसारखी बारीक असते आणि तिच्या मागचा भाग उजळलेला दिसतो. या तीनही गोष्टी असतील तर तपास तिथेच संपतो. पुढे सीटी करण्याचे काही कारण उरत नाही. चाळिशीनंतर अशा साध्या सिस्ट फार लोकांमध्ये आढळतात आणि त्या कुणाला त्रास देत नाहीत. तुमच्या वडिलांच्या गाठीत मात्र आत ‘इकोज’ दिसले, म्हणजे आतला भाग पूर्ण काळा नव्हता. सिस्टमध्ये पूर्वी रक्त उतरले असेल, आतला द्रव प्रथिनांमुळे घट्ट झाला असेल किंवा तिथे खरोखरच पेशींचा घन भाग असेल, तर तिन्ही वेळा सोनोग्राफीवर जवळपास असेच चित्र दिसू शकते. कलर डॉपलर लावून रक्तप्रवाह दिसला नाही, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही, कारण कमी रक्तपुरवठ्याच्या गाठींतील मंद प्रवाह डॉपलरच्या पकडीत येत नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी ‘कॉम्प्लेक्स’ असा शब्द लिहून पुढे पाठवले, ते योग्यच केले.

आता सीटी. सीटीवर प्रत्येक ठिकाणची घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये, म्हणजे एचयूमध्ये मोजता येते. पाणी शून्य, हवा उणे १,०००, चरबी शून्याच्या बरीच खाली आणि ताजे साकळलेले रक्त पन्नास-साठच्या पुढे, असा साधारण अंदाज धरावा. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून दिलेले आयोडिनयुक्त औषध. ते रक्ताबरोबर वाहते, त्यामुळे जिथे रक्त पोचते तिथली घनता वाढते; या वाढीला एन्हान्समेंट म्हणतात. गाठीची घनता कॉन्ट्रास्टआधी किती होती आणि नंतर किती झाली, यातला फरक २० एचयू किंवा त्याहून अधिक असेल तर गाठीला रक्तपुरवठा आहे असे आम्ही धरतो. फरक १० पेक्षा कमी असेल तर नाही. १० ते २० च्या मधला भाग संशयाचा राहतो.

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये ३८ हा एकच आकडा आहे आणि तो कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरचा आहे. डब्यासकट तूप तोलले, पण रिकाम्या डब्याचे वजन घेतलेच नाही, तशी ही स्थिती झाली. मुळातच ३६ घनतेचा घट्ट द्रव असलेली निरुपद्रवी सिस्ट असेल, तरी कॉन्ट्रास्टनंतर ३८ दिसेल. आणि मुळात १५ असलेली, मंद रक्तपुरवठ्याची घन गाठ असेल, तरी ती ३८ पर्यंत चढलेली दिसेल. पॅपिलरी प्रकारचा मूत्रपिंडाचा कर्करोग अशीच थोडी आणि संथ वाढ दाखवतो. आकडा एकच, अर्थ मात्र परस्परविरुद्ध. म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ‘इनडिटरमिनेट’ लिहिले. पुष्कळ कुटुंबे या शब्दाने घाबरतात किंवा चिडतात, पण हातात जे होते त्यावरून याहून प्रामाणिक शब्द लिहिता आला नसता. हाच आकडा २१ ते ३० च्या दरम्यान असता आणि गाठ एकसारखी असती, तर सध्याच्या वर्गीकरणानुसार ती निरुपद्रवी मानून सोडता आली असती. ३८ ला ती मुभा नाही.

मग प्लेन, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा, सीटी का केला नाही? पोटाच्या सर्वसाधारण तक्रारीसाठी सीटी सांगितला जातो तेव्हा अनेक केंद्रांत कॉन्ट्रास्टनंतरचा एकच फेज, म्हणजे ठरावीक वेळी घेतलेला प्रतिमांचा एक संच, घेतात, कारण बहुतेक आजारांसाठी तो पुरतो आणि रुग्णाला क्ष-किरण कमी लागतात. मूत्रपिंडातील गाठीसाठी वेगळा प्रोटोकॉल लागतो. त्यात आधी प्लेन, नंतर साधारण २५ ते ४० सेकंदांनी पहिला कॉन्ट्रास्ट फेज आणि मग साधारण ९० ते १०० सेकंदांनी दुसरा फेज घेतात. त्या दुसऱ्या वेळी मूत्रपिंडाचा सगळा भाग सारखा उजळलेला असतो आणि लहान गाठ त्यात उठून दिसते. फॉर्मवर ‘सीटी ॲब्डोमेन’ एवढेच लिहिले आणि सोनोग्राफीत सापडलेल्या गाठीचा उल्लेख राहिला, तर टेबलाशेजारचा तंत्रज्ञ नेहमीचाच प्रोटोकॉल लावणार. स्कॅन सुरू असताना रेडिओलॉजिस्टच्या लक्षात आले, तर आणखी एक उपाय हाताशी असतो. रुग्णाला टेबलावरच थांबवून दहा-पंधरा मिनिटांनी फक्त मूत्रपिंडांचा एक उशिराचा फेज घ्यायचा. गाठीची घनता तेवढ्या वेळात खाली आली, तर आत रक्ताबरोबर आलेले औषध होते आणि ते बाहेर गेले, हे कळते. द्रवाची घनता अशी खाली येत नाही. पण रुग्ण टेबलावरून उतरून घरी गेला की हा मार्ग बंद होतो.

एमआरआयची वेळ घेण्याआधी तुम्ही एक गोष्ट जरूर करावी. वडिलांना कधी मुतखड्याचा त्रास झाला होता का, ते आठवून पाहा. आपल्याकडे मुतखड्यासाठी कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी सर्रास केला जातो, ज्याला केयूबी म्हणतात, आणि त्याचे पाकीट घरातल्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असते. तेव्हा त्या रिपोर्टमध्ये खड्याबद्दलच लिहिले गेले असेल, गाठीचा उल्लेखही नसेल, पण प्रतिमेत ती असू शकते. तिथे त्याच जागेची घनता मोजली की राहून गेलेला पहिला आकडा मिळतो, शिवाय इतक्या वर्षांत गाठ वाढली की नाही हेही कळते. यंत्र वेगळे, सेटिंग वेगळे आणि मध्ये काळ गेलेला, त्यामुळे दोन-पाच एचयूच्या फरकावर भरवसा ठेवता येत नाही. पण फरक मोठा असेल किंवा अजिबात नसेल, तर त्याला वजन असते. आकार वाढला नाही एवढ्यावरून मात्र गाठ निरुपद्रवी ठरत नाही, कारण मूत्रपिंडातील लहान कर्करोगही बहुधा फार सावकाश वाढतात, वर्षाला सरासरी तीनेक मिलिमीटर.

जुना स्कॅन नसेल तर आता फक्त मूत्रपिंडांचा प्लेन सीटी करून घेणे हाही एक मार्ग आहे, विशेषतः ज्या रुग्णाला एमआरआय करता येत नाही त्याच्यासाठी. कॉन्ट्रास्ट लागत नाही, वेळ थोडा लागतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी तरीही एमआरआयकडेच झुकेन, कारण सीटीवर दोन्ही आकडे मिळूनही फरक १२ किंवा १५ आला, तर आपण पुन्हा संशयाच्याच पट्ट्यात राहतो. त्यात आणखी एक गुंता आहे. मूत्रपिंड कॉन्ट्रास्टने खूप उजळते, तेव्हा त्याच्या आत दडलेल्या लहान सिस्टची घनताही मोजमापात काही अंकांनी वाढलेली दिसते, प्रत्यक्षात आत काहीच शिरलेले नसते. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींत हा भास अधिक होतो. ड्युअल एनर्जी सीटी असलेल्या केंद्रांत आयोडिन वेगळे काढून मोजता येते आणि हा गोंधळ बराच कमी होतो, पण ते यंत्र सगळीकडे नाही.

एमआरआयमध्ये सीटीच्याच गोष्टी पुन्हा पाहिल्या जातात, हा तुमचा समज दूर करायला हवा. एमआरआयला घनता कळत नाही. त्याला ऊतींतील पाणी, चरबी, रक्तातील लोह आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल यांचे फरक कळतात. टी-टू या प्रकारच्या प्रतिमेवर शुद्ध द्रव पाठीच्या कण्यातील पाण्याइतका पांढरा दिसतो. जुने रक्त किंवा घट्ट प्रथिनयुक्त द्रव असेल तर तो टी-वन या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेवर, कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वीच, पांढरा दिसतो. गाठ टी-वनवर एकसारखी आणि शेजारच्या निरोगी मूत्रपिंडाच्या साधारण अडीच पट उजळ असेल, तर कॉन्ट्रास्टशिवायही ती निरुपद्रवी वर्गात ठेवता येते. सीटीवर ज्या गाठीने आपल्याला अडवले, तीच गाठ इथे पहिल्या पाच-सात मिनिटांत बोलू लागते, असा अनुभव मला वारंवार येतो.

मात्र टी-वनवर आधीच पांढऱ्या असलेल्या गाठीत कॉन्ट्रास्टने आणखी पांढरेपणा आला का, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे कठीण असते. त्यासाठी कॉन्ट्रास्टनंतरच्या प्रतिमेतून आधीची प्रतिमा संगणकाने वजा करतात, त्याला सबट्रॅक्शन म्हणतात. वजाबाकीनंतर गाठीच्या जागी काळे राहिले तर आत रक्तपुरवठा नाही. पांढरा ठिपका किंवा जाडसर पट्टी उरली तर आहे. या वजाबाकीचे सगळे यश रुग्णाच्या श्वासावर अवलंबून असते. श्वासाबरोबर मूत्रपिंड वर-खाली सरकते. आधीच्या प्रतिमेत श्वास एका जागी रोखला आणि नंतरच्या प्रतिमेत दुसऱ्या जागी, तर दोन्ही चित्रे एकमेकांवर बसत नाहीत आणि गाठीच्या कडेला एक खोटी पांढरी कोर दिसते, जी नवख्या डोळ्याला जाड भिंतीसारखी वाटते. म्हणून आम्ही श्वास बाहेर सोडून रोखायला सांगतो. पूर्ण सोडलेल्या श्वासाची जागा दर वेळी जवळपास तीच राहते. वडिलांना घरी चार-पाच दिवस याचा सराव करू द्या. श्वास सोडायचा, पंधरा ते वीस सेकंद थांबायचे, मग घ्यायचा. ऐकू कमी येत असेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा, कारण यंत्राच्या आवाजात हेडफोनमधली सूचना चुकली की त्या फेजची प्रतिमा वाया जाते, आणि कॉन्ट्रास्ट पुन्हा पहिल्यापासून देता येत नाही.

एमआरआयच्याही मर्यादा आहेत. गाठीतील कॅल्शियमचे कण त्यात नीट दिसत नाहीत, ते सीटीवर दिसतात. काही जुने पेसमेकर असलेल्यांना तो करता येत नाही आणि बंद जागेची भीती असलेल्यांना कठीण जातो. सीटीचे पाकीट म्हणूनच फेकून न देता एमआरआयच्या दिवशी बरोबर न्यायचे आहे.

क्रिएटिनिन वाढलेले असताना कॉन्ट्रास्ट द्यावा का, हा प्रश्न तुम्ही काळजीने विचारला आहे, तो रास्त आहे. १.६ क्रिएटिनिन आणि ६२ वर्षे वयाच्या पुरुषासाठी ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, सुमारे ४८ येतो. क्षमता कमी आहे, पण ३० च्या खाली नाही. एमआरआयच्या गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टमुळे होणारा त्वचेचा आणि ऊतींचा गंभीर आजार मुख्यतः ३० पेक्षा कमी ईजीएफआर असलेल्यांत, जुन्या प्रकारच्या औषधांनी झालेला आढळला. आता वापरात असलेल्या स्थिर, वलयाकृती रचनेच्या औषधांनी तो अत्यंत दुर्मीळ झाला आहे. सीटीच्या आयोडिन कॉन्ट्रास्टचा धोकाही पूर्वी समजत होते त्यापेक्षा कमी असल्याचे अमेरिकेतील रेडिओलॉजी आणि मूत्रपिंडरोग या दोन्ही क्षेत्रांतील संस्थांनी २०२० साली संयुक्तपणे मांडले आहे. क्रिएटिनिन अलीकडे झपाट्याने वाढले असेल, जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल, तर गणित बदलते. म्हणून स्कॅनच्या आधी ताजे क्रिएटिनिन करून घ्या आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध चालू असेल तर ते थांबवायचे की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. केवळ भीतीपोटी ‘प्लेन एमआरआय पुरे’ असा आग्रह धरू नका. कधी कधी तो पुरतो, पण ते प्रतिमा पाहून रेडिओलॉजिस्टने ठरवायचे असते.

ज्यांचे मूत्रपिंड खरोखरच निकामी होत आले आहे, त्यांच्यासाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी हा फार उपयुक्त पर्याय आहे. यात शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे देतात. ते तांबड्या रक्तपेशींएवढे किंवा त्याहून लहान असतात, रक्तवाहिन्यांच्या आतच राहतात आणि त्यांतील वायू श्वासावाटे बाहेर पडतो; मूत्रपिंडावर काहीच भार येत नाही. गाठीच्या आत एखादा बुडबुडा सरकताना दिसला तर तिथे रक्तवाहिनी आहे. डॉपलरला न दिसणारा मंद प्रवाहही यात दिसतो, आणि सेकंदासेकंदाला सलग दिसतो. काही यंत्रांवर आधीच्या सीटीची किंवा एमआरआयची प्रतिमा चालू सोनोग्राफीच्या शेजारी, प्रोबच्या हालचालीबरोबर फिरत दाखवता येते, त्यामुळे सीटीवर संशय आलेला गाठीतला नेमका तोच पडदा (आतली पातळ भिंत) शोधता येतो. पण एका वेळी एकच गाठ नीट पाहता येते, पोटातील गॅस आणि स्थूलपणा आड येतात, आणि करणाऱ्याचा हात सरावलेला असावा लागतो. शिवाय ही तपासणी इतकी संवेदनशील आहे की, निरुपद्रवी पातळ पडद्यांतही चार बुडबुडे दिसतात आणि सिस्ट आहे त्यापेक्षा गंभीर वाटू शकते.

इथपर्यंतचे एका वाक्यात सांगायचे, तर सोनोग्राफीने ‘हा साधा द्रव नाही’ हे सांगितले, सीटीने जागा, आकार आणि एक अपुरा आकडा दिला, आणि एमआरआयने आतला पदार्थ कोणता व त्याला रक्त मिळते का, हे सांगायचे आहे. यावरून सोनोग्राफी, मग सीटी, मग एमआरआय अशी चढती शिडी असते आणि वरची पायरी नेहमी श्रेष्ठ असते, असे मात्र समजू नये. कित्येकदा उलटेही घडते. सीटीवर एका सेंटिमीटरच्या गाठीची घनता २८ आली, आकार लहान असल्याने मोजमाप भरवशाचे नाही, अशा वेळी मी रुग्णाला शेजारच्या खोलीत नेऊन सोनोग्राफीचा प्रोब लावतो. गाठ स्वच्छ काळी दिसली की विषय तिथेच संपतो. पुढची तपासणी आधीच्या तपासणीने कोणता प्रश्न शिल्लक ठेवला, त्यावर ठरते.

तपासण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, तर काय करायचे? इथे निर्णय सर्वांत अवघड असतो आणि तो अनुभवाने करावा लागतो. सिस्टसारख्या गाठींसाठी न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ साली एक वर्गीकरण मांडले. ते पुढे सुधारत गेले आणि २०१९ च्या आवृत्तीत सीटीबरोबर एमआरआयचे निकषही आले. पहिला आणि दुसरा वर्ग निरुपद्रवी. ‘दोन-एफ’ हा वर्ग लक्ष ठेवण्याचा. तिसऱ्या वर्गात साधारण निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात आणि चौथ्यात दहापैकी सुमारे नऊ. वर्ग ठरतो तो भिंतीची व आतल्या पडद्यांची जाडी आणि त्यांना चिकटलेला घन भाग यांवरून. रक्तपुरवठा असलेला पडदा दोन मिलिमीटरपर्यंत पातळ मानतात, तीनला किंचित जाड आणि चारपासून पुढे जाड. एका मिलिमीटरने वर्ग बदलतो, हे लक्षात घ्या. एमआरआयवर पडदे सीटीपेक्षा स्पष्ट आणि संख्येने जास्त दिसतात, त्यामुळे तीच सिस्ट सीटीवर दुसऱ्या वर्गात आणि एमआरआयवर ‘दोन-एफ’ मध्ये येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी डोळे झाकून वरचा वर्ग घ्यायचा, असे मी करत नाही. सगळ्या प्रतिमा एकाच स्क्रीनवर शेजारी लावतो, तीच जागा तिन्हींत शोधतो आणि वर्ग कशामुळे वाढला ते पाहतो. नुसते पातळ पडदे जास्त दिसल्याने वाढला असेल तर घाई करत नाही. सीटीवर न दिसलेली, पण एमआरआयच्या सबट्रॅक्शनवर आणि डिफ्युजनवर (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या प्रतिमांवर) अशी दोन्हीकडे दिसणारी घन गाठोळी असेल, तर तिला पूर्ण वजन देतो, कारण दोन स्वतंत्र पुरावे एकाच ठिकाणी बोट दाखवत आहेत.

गाठ घन निघाली, तरी तिथे निदान पुरे होत नाही. चार सेंटिमीटरपर्यंतच्या घन गाठींपैकी साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते. तिच्यात उघड चरबी असेल, म्हणजे प्लेन सीटीवर उणे आकडे येत असतील, तर ती बहुतेक अँजिओमायोलायपोमा असते, जी कर्करोग नाही. सोनोग्राफीवर ती लख्ख पांढरी दिसते, पण काही लहान कर्करोगही तसेच पांढरे दिसतात, म्हणून सोनोग्राफीवर पांढरी दिसलेली गाठ चरबीचीच आहे हे सीटीवर एकदा पक्के करून घ्यावे लागते. एमआरआयवर टी-टूमध्ये उजळ आणि कॉन्ट्रास्ट जोरात घेणारी गाठ क्लिअर सेल या अधिक आक्रमक प्रकाराकडे झुकते. टी-टूमध्ये काळपट आणि कॉन्ट्रास्ट सावकाश घेणारी पॅपिलरी प्रकाराकडे. ही शक्यता असते, खात्री नसते. आणि गाठीसारखे दिसणारे सगळे गाठच असते, असेही नाही. मूत्रपिंडाच्या मूळ रचनेतला एखादा उंचवटा, जंतुसंसर्गाने सुजलेला भाग, आपल्या देशात क्षयाचा परिणाम, हेही तसे दिसू शकतात. म्हणून ताप, लघवीची तपासणी आणि वजनातील घट यांची माहिती रेडिओलॉजिस्टला मिळायला हवी.

नातेवाईकांच्या सूचनांबद्दल. नेहमीचा पेट स्कॅन साखरेसारख्या किरणोत्सारी द्रव्याने होतो. ते द्रव्य लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड मुळातच चमकत असते, आणि मूत्रपिंडाचे पुष्कळ कर्करोग ते द्रव्य फारसे घेतच नाहीत. तो ‘स्वच्छ’ आला म्हणून गाठ निरुपद्रवी ठरत नाही. या प्रश्नासाठी तो चुकीचा स्कॅन आहे. वेगळ्या द्रव्यांवर काम चालू आहे आणि मला त्याबद्दल खरी आशा वाटते. गिरेंटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला झिर्कोनियम जोडून केलेला पेट स्कॅन क्लिअर सेल कर्करोग ओळखतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात त्याची संवेदनशीलता (असलेला कर्करोग ओळखण्याची क्षमता) आणि विशिष्टता (नसलेला नाही म्हणण्याची क्षमता) दोन्ही ८५ टक्क्यांच्या वर आल्या. हृदयाच्या तपासणीसाठी वापरले जाणारे सेस्टामिबी हे द्रव्य ऑन्कोसायटोमा या निरुपद्रवी घन गाठीत साठते, त्यामुळे तिला कर्करोगापासून वेगळे करायला स्पेक्ट-सीटी या स्कॅनची मदत होते. पण हे दोन्ही स्कॅन घन गाठीच्या पुढच्या प्रश्नासाठी आहेत. तुमच्या वडिलांची गाठ घन आहे, हेच अजून ठरलेले नाही.

बायोप्सीचेही तसेच आहे. घन गाठीत ती चांगले उत्तर देते, आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), दुसरीकडून आलेला कर्करोग किंवा संसर्ग यांचा संशय असेल तर ती करायलाच हवी. द्रव असलेल्या गाठीत मात्र सुईच्या टोकाला थोडा द्रव आणि काही पेशी येतात, रिपोर्ट ‘काही आढळले नाही’ असा येतो आणि खोटा दिलासा मिळतो. आधी प्रतिमांनी घन भाग आहे का आणि नेमका कुठे आहे हे दाखवले, तरच सुई कुठे टोचायची ते कळते.

एमआरआयनंतर काय होईल, तेही सांगतो. रक्तपुरवठा अजिबात नसेल आणि भिंत पातळ असेल तर पुढे काहीच करावे लागणार नाही. ‘दोन-एफ’ आला तर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी, एकूण पाच वर्षे स्कॅन करतात. तो शक्यतो त्याच प्रकारचा असावा, म्हणजे तुलना खरी होते, सोनोग्राफीचे २.८ आणि सीटीचे २.७ यावरून गाठ लहान झाली असे म्हणता येत नाही, मोजण्याची दिशा बदलली की एवढा फरक पडतोच. घन गाठ किंवा वरचा वर्ग आला, तर युरोलॉजिस्ट फक्त गाठ काढून उरलेले मूत्रपिंड वाचवण्याचा विचार करतील आणि १.६ क्रिएटिनिन पाहता तो फार महत्त्वाचा आहे. काही रुग्णांत सुईवाटे गाठ जाळणे किंवा गोठवणे, तर काहींत काही काळ केवळ लक्ष ठेवणे, हेही सुरक्षित पर्याय आहेत. २.७ सेंटिमीटरच्या गाठीसाठी दोन-तीन आठवडे थांबून नीट एमआरआय करून घेतल्याने नुकसान होत नाही. लघवीतून रक्त गेले, थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत अचानक तीव्र दुखू लागले, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

एमआरआयला जाताना नुसत्या फिल्म नेऊ नका. सीटी केंद्राकडून सगळ्या प्रतिमा असलेली सीडी मागून घ्या. फिल्मवर घनता मोजता येत नाही, सीडीवरच्या मूळ प्रतिमांत येते. सोनोग्राफीचा रिपोर्ट, सीटीचा रिपोर्ट, जुन्या मुतखड्याचे पाकीट सापडले तर ते, आणि ताजे क्रिएटिनिन हे सगळे एकत्र द्या. फॉर्मवर ‘एमआरआय ॲब्डोमेन’ एवढेच न लिहिता ‘उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाची २.७ सेंटिमीटरची गाठ, सीटीवर ३८ एचयू, एन्हान्समेंट आहे का, सबट्रॅक्शन करावे’ असे युरोलॉजिस्टांकडून लिहून घ्या. रिपोर्ट येईल तेव्हा त्यात आधीच्या सीटीशी तुलना केल्याचे वाक्य आहे का ते पाहा; नसेल तर सीडी घेऊन रेडिओलॉजिस्टना भेटा आणि दोन्ही प्रतिमा शेजारी लावून पाहण्याची विनंती करा. अशी विनंती केल्याचा आम्हाला राग येत नाही.